दुसऱ्या टेबलावरची बोली

१९७५ साली बर्म्युडा बेटावर ब्रिजच्या जागतिक सांघिक अजिंक्यपदाची, म्हणजे बर्म्युडा बोलची, अंतिम लढत चालू होती. एकीकडे इटली, दुसरीकडे उत्तर अमेरिका. सामना ९६ डावांचा आणि टेबलावर आला होता ९२वा डाव. इटलीचे जॉर्जिओ बेल्लाडोन्ना आणि बेनितो गरोझ्झो बोली चढवत गेले आणि थेट सात किलवरवर पोचले. सात म्हणजे तेराच्या तेरा हात करण्याची हमी. एक हात जरी निसटला तरी करार बुडाला.

पत्ते उघडले तेव्हा कळलं, की हुकमाचा राजाच प्रतिस्पर्ध्यांकडे आहे. तो अमेरिकेच्या एडी कॅन्टर यांच्या हातात होता आणि त्याच्या सोबतीला हुकमाचं एकच पान होतं, दश्शी. राजा ज्या बाजूला असावा लागतो नेमका त्याच बाजूला होता आणि सोबतीला एकच पान असल्यामुळे तो लगेच गळालाही. तेरा हात झाले.

दुसऱ्या खोलीत हेच पत्ते घेऊन बसलेली अमेरिकी जोडी सहा नो ट्रम्पवर, म्हणजे बिनहुकमी खेळात बारा हातांवर, थांबली होती. तिचा करारही पुरा झाला. इटलीला २१४०, अमेरिकेला १४४०. फरक ७०० गुणांचा आणि त्याचे इटलीला मिळाले १२ इम्प, म्हणजे सामन्याचा निकाल ठरवणारे गुण. राजा पलीकडच्या हातात असता तर इटलीचे १०० गुण गेले असते, अमेरिकेचे १४४० तसेच राहिले असते आणि १७ इम्प अमेरिकेच्या खात्यात पडले असते. म्हणजे एका पानाच्या जागेवर २९ इम्पचा झोका. इटलीने तो सामना जिंकला २६ इम्पनी.

ब्रिजच्या इतिहासात हा डाव पुन्हा पुन्हा सांगितला जातो तो राजाच्या जागेमुळे. पण एक पत्ताही पडण्याआधी घेतलेला निर्णय जास्त विचार करण्याजोगा आहे. सहावर थांबायचं की सातवर जायचं, हे ठरवताना खेळाडूला फक्त स्वतःची तेरा पानं दिसतात. भिडूची पानं बोलीतून ओळखायची असतात आणि ज्या टेबलाशी तुलना होणार ते तर भिंतीपलीकडे असतं. सांघिक ब्रिजमधली बोली ही या न दिसणाऱ्या गोष्टींची किंमत ठरवण्याची कला आहे.

एकच पत्ते, दोन टेबलं

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला ब्रिजचा सांगाडा परका वाटत नाही. चौघे खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. उतरलेल्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं, नसेल तर हुकूम मारता येतो. ब्रिजचं वेगळेपण असं, की हुकूम कोणता आणि हात किती करायचे हे खेळाआधी लिलावात ठरतं. पहिले सहा हात गृहीत धरलेले असतात. ‘चार इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम आणि दहा हात. बोली एक ते सात पातळ्यांची. किलवर सर्वांत खाली, त्यावर चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी खेळ. अशा ३५ बोली होतात. त्यांत पास, डबल (प्रतिस्पर्ध्यांच्या करारावरचं बक्षीस आणि दंड वाढवणारी हाक) आणि रिडबल (डबलला उत्तर म्हणून ते आणखी वाढवणारी) मिळवले की ३८ शब्दांचा कोश पुरा झाला. एका खेळाडूच्या हाती येऊ शकणाऱ्या तेरा पानांच्या वेगवेगळ्या जुळण्या मात्र ६३,५०१ कोटींहून अधिक आहेत. एवढं सगळं त्या ३८ शब्दांत भिडूला सांगायचं असतं. जे भिडूला कळतं ते शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्यालाही कळतं, कारण बोलींचा अर्थ गुप्त ठेवायला नियमांनी मनाई आहे.

या खेळाला आजचं रूप दिलं हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकी धनिकाने. १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ या बोटीवर त्यांनी नवी गुणपद्धत मांडली. बोली लावून जेवढं मागाल तेवढ्याचंच मोठं बक्षीस, हे तिचं मुख्य सूत्र होतं. ‘व्हल्नरेबल’ हा शब्द बोटीवरच्या एका तरुणीने सुचवला असं सांगतात. व्हल्नरेबल बाजूला गेमचं (मोठं बक्षीस देणाऱ्या ठरावीक पातळीच्या कराराचं) आणि स्लॅमचं (सहा किंवा सातच्या कराराचं) बक्षीस जास्त मिळतं, तसा बुडाल्यावर दंडही जास्त बसतो. स्पर्धांमध्ये कोण व्हल्नरेबल हे डावाच्या क्रमांकावरून आधीच ठरलेलं असतं आणि बोर्डाच्या, म्हणजे पत्ते ठेवायच्या खणांच्या पेटीच्या, खाचेवर लाल रंगाने दाखवलेलं असतं.

चांगले पत्ते आले म्हणून जिंकलो, वाईट आले म्हणून हरलो, ही पत्त्यांच्या खेळातली जुनी तक्रार. सांघिक स्पर्धेत तिला जागा उरत नाही. एका संघाची एक जोडी पहिल्या टेबलावर उत्तर-दक्षिण बसते, तर दुसरी जोडी दुसऱ्या टेबलावर पूर्व-पश्चिम. पहिल्या टेबलावर खेळलेली पानं खेळाडू आपापल्या पुढ्यातच ठेवतात आणि डाव संपल्यावर बोर्डाच्या चार खणांत परत घालतात. तो बोर्ड जसाच्या तसा दुसऱ्या टेबलावर जातो. व्हिस्टच्या खेळात असा प्रयोग लंडनमध्ये ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्स यांनी १८५७ सालीच करून पाहिला होता. दोन्ही टेबलांवरच्या गुणांतला फरक काढतात आणि एका ठरलेल्या कोष्टकाने त्याचे इम्प करतात. २० ते ४० गुणांचा फरक म्हणजे १ इम्प, ४३० ते ४९० म्हणजे १०. फरक कितीही मोठा झाला तरी २४ च्या वर इम्प मिळत नाहीत. या कोष्टकामुळे मोठे फरक आवळले जातात आणि एकाच अपघाती डावावर अख्खा सामना सहसा जात नाही. लहान फरकांना मात्र किंमत राहते. २००३ साली मोंटे कार्लोत अमेरिकेने इटलीला बर्म्युडा बोलच्या अंतिम सामन्यात हरवलं ते ३०३ विरुद्ध ३०२ असं, एका इम्पने.

गेम मागावा की थांबावं?

नवशिक्याला पहिल्यांदा पॉइंट मोजायला शिकवतात. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. गड्डीत एकूण ४०. दोन्ही भिडूंचे मिळून २५-२६ झाले की बदाम किंवा इस्पिकचा चारचा गेम साधारण होतो, ३३ ला सहाचा स्लॅम आणि ३७ ला सातचा, असा ढोबळ आडाखा. सांघिक स्पर्धेतला अनुभवी खेळाडू याच्या पुढचा प्रश्न विचारतो. गेम होण्याची शक्यता किती असली म्हणजे तो मागणं परवडतं?

आकडे मांडून पाहावेत. आपली बाजू व्हल्नरेबल आहे. चार इस्पिक मागितले आणि दहा हात झाले तर ६२० गुण. तीनवर थांबून दहा हात केले तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० इम्प. उलट, चार मागितले आणि नऊच हात झाले तर १०० गुण जातात, तर तीनवर थांबलेल्याला १४० मिळतात. फरक २४०, म्हणजे ६ इम्प. मिळाले तर दहा, गेले तर सहा. अशा सौद्यात गेमची शक्यता ३७-३८ टक्के असली तरी तो मागणंच फायद्याचं. बाजू व्हल्नरेबल नसेल तर मिळकत ६ आणि तोटा ५, म्हणून उंबरठा ४५ टक्क्यांवर जातो.

आता एखादा करार एका साध्या फिनेसवर उभा आहे असं समजा. प्रतिस्पर्ध्याचा राजा उजवीकडे की डावीकडे, यावर दहावा हात अवलंबून. शक्यता ५० टक्के. असा गेम दोन्ही परिस्थितींत मागायचाच. याच्याही खालचा, दोनपैकी एक गोष्ट हमखास विरुद्ध जाईल असं वाटणारा व्हल्नरेबल गेमसुद्धा मोठे खेळाडू मागतात. पाहणाऱ्याला ते धाडस वाटतं, पण आकड्यांकडे पाहिलं तर मागायला न जाणं हीच महागडी चूक असते.

सहाच्या स्लॅमला हे पारडं समतोल होतं. व्हल्नरेबल असताना सहा इस्पिक झाले तर १४३० आणि गेमवरच थांबलेल्याला तेच बारा हात करून ६८०. फरक ७५०, म्हणजे १३ इम्प. एक हात कमी पडला तरीही फरक बरोबर ७५०. म्हणून सहाला ५० टक्के पुरतात. एक्के मोजण्यासाठी ईझ्ली ब्लॅकवूड यांनी १९३० च्या दशकात दिलेली चार नो ट्रम्पची युक्ती आजही सुधारित रूपांत जगभर वापरतात. तिचा मुख्य उपयोग स्लॅम गाठण्यापेक्षा, दोन एक्के बाहेर असताना वेळीच थांबण्यासाठी होतो.

सातच्या स्लॅमला गणित उलटतं. झाला तर १३ इम्प, बुडाला तर १७. त्यामुळे किमान ५७ टक्के खात्री हवी. प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागते, कारण दुसऱ्या टेबलावरची जोडी सहावर पोचेलच याची शाश्वती नसते. ती गेमवरच थांबली असेल तर आपल्याला सहामध्येही १३ इम्प आयते मिळणार असतात. या मोजपट्टीवर बर्म्युडातल्या ९२व्या डावातला सात किलवरचा करार बसत नव्हता. बेल्लाडोन्ना आणि गरोझ्झो हे इटलीच्या दिग्विजयी ‘ब्लू टीम’चे आधारस्तंभ होते आणि अशा दिग्गजांच्या बोलीतही शेवटच्या पायरीवर पाऊल जास्त पडू शकतं. निकालाने त्यांना तारलं.

सहा पॉइंट आणि दहा इस्पिक

आतापर्यंत प्रतिस्पर्धी गप्प बसले होते. खरी कसोटी लागते ती चौघेही बोलू लागल्यावर. एक उदाहरण घेऊ. १३व्या बोर्डावर उत्तरेची पहिली बोली असते आणि दोन्ही बाजू व्हल्नरेबल असतात. उत्तर म्हणतो एक इस्पिक. पूर्व एका उडीत चार बदामवर जातो. आता दक्षिणेची पाळी. त्याच्याकडे इस्पिकचा राजा आणि चार बारकी पानं, बदामाची एकटी सत्ती, चौकटची राणी आणि आणखी तीन पानं, किलवरचा गुलाम, दश्शी आणि चौकी. एकूण पॉइंट सहा.

पॉइंट पाहणारा पास म्हणेल. सांघिक खेळात मुरलेला खेळाडू रंगांची लांबी मोजतो. भिडूकडे पाच इस्पिक, आपल्याकडे पाच, मिळून दहा. बदाम आपल्याकडे एक, भिडूकडे दोन धरले तर प्रतिस्पर्ध्यांकडे दहा. आपले दहा आणि त्यांचे दहा, बेरीज वीस.

या बेरजेमागे एक नियम आहे. फ्रेंच अभ्यासक झाँ-रने व्हेर्न यांनी जागतिक स्पर्धांमधले डाव तपासून तो मांडला आणि १९६९ साली ‘द ब्रिज वर्ल्ड’ या अमेरिकी मासिकातून तो इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला. दोन्ही बाजूंनी आपापला सर्वांत लांब रंग हुकूम केला, तर दोघांना मिळून जेवढे हात होतील, ती संख्या साधारणपणे दोन्ही बाजूंच्या हुकमांच्या बेरजेइतकी असते. अमेरिकी खेळाडू लॅरी कोहेन यांच्या १९९२ च्या पुस्तकाने हा ‘एकूण हातांचा नियम’ घरोघरी नेला. त्यामागचं कारण सोपं आहे. समजा प्रतिस्पर्ध्यांकडचा एखादा राजा चुकीच्या बाजूला असल्यामुळे आपला एक हात गेला. तोच राजा त्या जागी असल्यामुळे बदामाच्या खेळात त्यांना एक हात मिळतो. पान एका हातातून दुसऱ्या हातात गेलं तर एका बाजूची कमाई दुसऱ्या बाजूकडे जाते, बेरीज तेवढीच राहते.

दक्षिणेसमोरचा प्रश्न आता सुटसुटीत होतो. बेरीज वीस असेल आणि दोघांचेही दहा-दहा हात होत असतील, तर पास म्हणणाऱ्याचे ६२० जातात आणि चार इस्पिक म्हणणाऱ्याला ६२० मिळतात. दुसऱ्या टेबलावर त्याच जागी बसलेल्याने पास म्हटलं असेल तर १२४० गुणांचा फरक पडतो, १५ इम्पचा. त्यांचे अकरा आणि आपले नऊ होत असतील तर डबल होऊन एक हात बुडाल्याचे २०० जातील, पण त्यांचे ६५० वाचतील. ती १० इम्पची कमाई. त्यांचे नऊ आणि आपले अकरा असतील तर कमाई ११ इम्पची. बेरीज एकने घसरून एकोणीस झाली तरी चार इस्पिक फायद्यातच राहते. दोन्ही बाजूंचे नऊच हात होत असतील तेव्हाच ही बोली महागात पडते, आणि तेव्हाही तोटा ७ इम्पचा. सहा पॉइंटांवर चार इस्पिक म्हणणाऱ्याचा हात म्हणून थरथरत नाही.

हा नियम दगडावरची रेघ मात्र नाही. रंगांची पानं कशी जुळली आहेत, छोट्या रंगात गुलाम-राण्या वाया जात आहेत का, यावर बेरीज एखाद-दुसऱ्या हाताने इकडेतिकडे होते. २००४ साली माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी एका पुस्तकातून या नियमालाच आव्हान दिलं आणि मोजणीचा भर हुकमांच्या संख्येवरून कमी पानं असलेल्या रंगांकडे आणि उपयोगी पडणाऱ्या चित्रांकडे वळवला. आजचे स्पर्धक दोन्ही विचार सोबत घेऊन बसतात.

याच डावात पुढे पश्चिमेने पाच बदाम म्हटलं तर? इथे पुष्कळ खेळाडूंचा तोल जातो. एकदा वर चढायची चटक लागली की पाच इस्पिक म्हणण्याचा मोह होतो. बेरीज मात्र अजूनही वीसच आहे. दोघांचे दहा-दहा हात असतील तर पाच बदाम बुडणार आहेत आणि पाच इस्पिकही. पास म्हणणाऱ्याला १०० मिळतात, पुढे चढणाऱ्याचे डबलमध्ये २०० जातात. पाचव्या पातळीवरची बोली प्रतिस्पर्ध्यांना सोडून द्यावी, हा स्पर्धकांमधला जुना संकेत या हिशेबातूनच आलेला आहे. चारवरून त्यांना पाचवर ढकललं, इथेच दक्षिणेचं काम झालेलं असतं.

जाणूनबुजून पडतं घेणं

स्वतःचा करार होणार नाही हे माहीत असूनही बोली लावायची, याला सॅक्रिफाइस म्हणतात. मराठीत ‘पडतं घेणं’ हा शब्दप्रयोग त्याला चपखल बसतो. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल आहेत, चार बदाम करून ते ६२० मिळवणार आहेत आणि आपण व्हल्नरेबल नाही. आपण चार इस्पिक म्हटलं, डबल झालं आणि दोन हात कमी पडले तर ३०० जातात. ६२० ऐवजी ३०० देऊन ८ इम्प वाचले. तीन हात कमी पडले तरी ५०० जाऊन ३ इम्प वाचतात. चार कमी पडले की ८०० जातात आणि ५ इम्पचा तोटा होतो.

यातला सर्वांत कडवट प्रसंग वेगळाच आहे. त्यांचे चार बदाम मुळात होणारच नव्हते. आपण गप्प बसलो असतो तर १०० मिळाले असते, त्याऐवजी ३०० घालवले. ९ इम्प आपणहून दिले. खेळाडू याला फँटम सॅक्रिफाइस म्हणतात, नसलेल्या संकटासाठी दिलेला बळी. म्हणून पडतं घेण्याआधी प्रश्न एकच असतो: त्यांचा करार होणार याची खात्री किती? बचावात आपले दोन पक्के हात दिसत असतील तर भिडूकडून आणखी दोन मिळण्याची वाट पाहणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

हे गणित कायद्यालाही बदलावं लागलं. व्हल्नरेबल नसलेल्या बाजूला डबलमध्ये पहिल्या हाताला १०० आणि पुढच्या प्रत्येकाला २०० असा दंड १९८७ पर्यंत होता. त्या हिशेबाने प्रतिस्पर्ध्यांचा सात इस्पिकचा २२१० गुणांचा व्हल्नरेबल स्लॅम अडवण्यासाठी अकरा हात बुडाले तरी २१०० च जात आणि पडतं घेणारा फायद्यात राही. १९८७ च्या सुधारणेत चौथ्या हातापासून दंड प्रत्येकी ३०० झाला. आता आठ हात बुडेपर्यंतच ते परवडतं.

डबलचा हिशेबही असाच कसून करावा लागतो. व्हल्नरेबल नसलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी दोन बदाम म्हटले आहेत आणि ते एका हाताने बुडतील असं वाटतंय. डबल केलं आणि ते खरंच एकाने बुडाले तर ५० ऐवजी १०० मिळतील, म्हणजे २ इम्प. ते झाले तर ११० ऐवजी ४७० द्यावे लागतील, म्हणजे ८ इम्प. दोन मिळवण्यासाठी आठ पणाला लावण्यात अर्थ नाही. म्हणून सांघिक सामन्यात खालच्या पातळीवर, किमान दोन हात बुडवण्याची आशा असल्याशिवाय दंडाचा डबल करत नाहीत. त्यातून आज खालच्या पातळीवरचा डबल बहुधा दंडाचा नसतोच. अमेरिकेच्या अल्विन रॉथ यांनी १९५७ मध्ये ‘न बोललेले रंग माझ्याकडे आहेत, तू निवड’ अशा अर्थाचा डबल रूढ करायला सुरुवात केली. त्याच वर्षी सोव्हिएत संघाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून या डबलचं नाव स्पुटनिक पडलं. आता त्याला नेगेटिव्ह डबल म्हणतात.

बोली न लावणं हीसुद्धा बोली असते. डाव आपलाच आहे हे चौघांनाही स्पष्ट असताना प्रतिस्पर्ध्यांनी पडतं घ्यायला वरची बोली लावली, तर भिडूचा पास थांबण्यासाठी नसतो. तो म्हणतो, ‘मला दोन्ही चालेल. डबल कर किंवा पुढे जा, ठरव तू.’ हा फोर्सिंग पास. कोणत्या प्रसंगी पास असा धरायचा आणि कोणत्या प्रसंगी साधा, याची चर्चा जोड्या स्पर्धेआधी तासन्‌तास करतात. या एका बाबतीत गैरसमज झाला तर प्रतिस्पर्धी डबलशिवाय स्वस्तात सुटतात.

विचाराला लागलेला वेळ

अवघड निर्णयाला वेळ लागतो आणि तो वेळच बोलका असतो. चटकन म्हटलेला पास आणि मिनिटभर घुटमळून म्हटलेला पास यांतून भिडूला वेगवेगळी माहिती जाते. विचार करणं गुन्हा नाही. पण भिडूच्या घुटमळण्यातून कळलेल्या गोष्टीचा फायदा घ्यायला नियमांची सक्त मनाई आहे. वाद झाला की पंचाला बोलावतात, आणि घुटमळीने सुचवलेली बोली खेळाडूने लावली असेल, तर निकाल बदलला जाऊ शकतो.

मोठ्या स्पर्धांत टेबलावर कर्णरेषेत पडदा असतो. उत्तर आणि पूर्व एका बाजूला, दक्षिण आणि पश्चिम दुसऱ्या. आपल्या बाजूला बसतो तो प्रतिस्पर्धी, भिडू पलीकडे. बोली तोंडाने बोलत नाहीत, बोलीपेटीतली कार्डं तबकावर ठेवतात आणि तबक पडद्याखालून सरकवतात. तबक उशिरा आलं तरी पलीकडच्या दोघांपैकी कोण विचारात पडलं होतं हे ठामपणे कळत नाही. बर्म्युडा बोलमध्ये हे पडदे पहिल्यांदा लागले ते १९७५ च्या त्याच स्पर्धेत. तिथे दोन खेळाडूंच्या टेबलाखालच्या पायांच्या हालचालींवरून वाद पेटला आणि मग टेबलाखालीही अडसर घालावा लागला. चाळीस वर्षांनी, २०१५ मध्ये, बर्म्युडा बोल चेन्नईत भरला. नॉर्वेच्या बॉय ब्रोगेलँड यांनी काही नामांकित जोड्यांवर खाणाखुणांचे आरोप केल्यानंतर त्या स्पर्धेआधीच इस्रायल, मोनॅको आणि जर्मनी या संघांनी माघार घेतली. ३८ शब्दांच्या कोशाबाहेरचं एक अक्षरही भिडूपर्यंत जाऊ नये, यावरच या खेळाची प्रतिष्ठा उभी आहे आणि खेळाडूंनी स्वतः पुढे येऊन ती राखली.

सामना कुठे आहे?

निर्णयाला आणखी एक परिमाण असतं, सामन्याच्या स्थितीचं. आघाडीवरचा संघ शेवटच्या डावांत दुसऱ्या टेबलावर सहज लागेल अशीच बोली निवडतो, म्हणजे फरक पडत नाही. पिछाडीवरच्या संघाला फरकच हवा असतो. मग तो फिनेसच्या जोरावरचा स्लॅम मागतो किंवा दुसरीकडे पास होईल तिथे डबल करतो. अडचण अशी, की खेळ चालू असताना आपण पुढे की मागे हे नेमकं माहीत नसतं. आपल्या टेबलावर काय झालं एवढंच ठाऊक असतं, बाकीचं अनुमानाने ठरवायचं. पिछाडीच्या धास्तीने उधळलेली जोडी मागाहून पाहते तो संघ खरं तर पुढेच असतो, असं पुष्कळदा घडतं. म्हणून संघनायक मध्यंतरात जोड्यांना बहुधा एकच सांगतो: नेहमीचा खेळ खेळा.

भारताने या खेळात अलीकडे जे मिळवलं त्यात अशा सांघिक शिस्तीचा वाटा मोठा आहे. २०१८ साली जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला. पुरुषांच्या जोडी प्रकारात साठीचे प्रणब बर्धन आणि ५६ वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुरुष संघ आणि मिश्र संघ यांनी कांस्यपदकं मिळवली. मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या आणि पुरुष संघात मुंबईचेच जग्गी शिवदासानी. पुढची स्पर्धा हांगझोऊला २०२३ मध्ये झाली, तिथे शिवदासानी यांचा समावेश असलेल्या पुरुष संघाने रौप्यपदक आणलं. वयाची साठी ओलांडलेल्या खेळाडूने देशासाठी पदक जिंकावं, हे फार थोड्या खेळांत शक्य आहे.

पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांतही सांघिक सामना संपल्यावर एक दृश्य हमखास दिसतं. दोन्ही खोल्यांतून एकेक जोडी बाहेर येते, चौघे एका टेबलाभोवती जमतात आणि गुणपत्रिका समोरासमोर धरतात. ‘अकरा?’ ‘एकशे दहा.’ ‘उणे एकशे चाळीस.’ एक इम्प गेला. ‘बारा?’ दोन्हीकडे तेच, शून्य. ‘तेरा?’ ‘चार इस्पिक, सहाशे वीस.’ समोरच्या जोडीतला, दुसऱ्या टेबलावर पूर्वेला बसलेला सहकारी कागदावरून मान वर करतो. ‘चार बदाम. त्यांनी सोडून दिले. आमचेही सहाशे वीस.’ कुणीतरी बेरीज करून पंधराचा आकडा लिहितं. सहा पॉइंटांवर चार इस्पिक म्हणालेला दक्षिणेचा खेळाडू काही बोलत नाही, नायकाने चौदावा बोर्ड विचारलेला असतो.